केळीची सुरी आणि पोत्याची सुरी

"आधी हात दाव."

दारात कोणीही येवो, मामांचं पहिलं वाक्य हेच. नवखा माणूस गोंधळायचा. आपण लोहाराकडे आलो की ज्योतिषाकडे, हा प्रश्न त्याच्या तोंडावर दिसायचा. मामा त्याचा पंजा आपल्या काळ्या, खरखरीत पंजात घ्यायचे, बोटांच्या मुळाशी आलेले घट्टे अंगठ्याने दाबून पाहायचे आणि म्हणायचे, "आता काम कर."

"कसलं काम, मामा?"

"रोज करतोस ते. सुरी हातात हाय असं समज अन् कर."

मग तो माणूस लाजत लाजत हवेतच काम करू लागायचा. खाटीक समोर नसलेलं बकरं सोलायचा. खानावळीतली बाई नसलेले कांदे चिरायची आणि सवयीने नाक ओढायची. मामा भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून पाहत राहायचे.

नांदेडात गोदावरीकडे उतरणाऱ्या त्या गल्लीतून तुम्ही सकाळी कधी गेला असाल, तर हे तुम्हीही पाहिलं असेल. भट्टीचा निळसर धूर, त्यात रिकाम्या हातांनी काहीतरी कापत असलेलं माणूस आणि समोर झोपेत असल्यासारखा एक म्हातारा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मी अजून अंथरुणातच आहे.

मी तेव्हा पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पत्रकं आधी आली, कपाट नंतर. वडील सायकलला पिशवी अडकवून ती वाटत फिरायचे आणि मी उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मुळाक्षरं गिरवायचे. वाचता येणारा माणूस अन्याय सहन करत नाही, हे मला पाचव्या वर्षी पटलं होतं आणि आजही पटतं. छापखान्यातून एका मोठ्या कागदावर चार-चार पत्रकं यायची. ती सुटी करायला सुरी हवी, म्हणून मी मामांकडे गेले.

मीही हवेत कागद कापले. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, कागद कापून राहिलीस का कुनाची मान?"

त्यांनी मला बिनटोकाची, आखूड सुरी करून दिली. मी तक्रार केली. "तुझा हात लई जोरात पुढं जातो," ते म्हणाले. "टोक दिलं असतं तर तुझ्याच दुसऱ्या हातात घुसलं असतं."

त्यांच्या दोन सुऱ्या कधी एकसारख्या नसत. लोखंड एकच, जुन्या ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे. पण आकार माणसागणिक वेगळा. कोणी म्हणालं, "माझ्या भावाला दिली तशीच द्या," तर उत्तर ठरलेलं: "मग भावाचा हात घेऊन ये." पात्यावर ते स्वतःचं नाव, खूण, काहीच उमटवत नसत. मला याचा राग यायचा. कष्ट करणाऱ्याचं नाव पुसलं जातं ते असंच, असं मी त्यांना तावातावाने सांगितलं. ते म्हणाले, "नाव घातल्यानं भाजी चिरती का?"

त्यांची सगळ्यात नावाजलेली सुरी केळीची. अर्धापूरकडे शेडमध्ये केळीच्या घडापासून फण्या सुट्या करतात. बाया-माणसं दिवसभर ओल्यात उभी. सरळ सुरी दांड्यावरून निसटायची, केळीच्या चिकाने मूठ बुळबुळीत व्हायची आणि तळहात फाटायचे. मामा आठ दिवस त्या शेडमध्ये जाऊन नुसते बसून आले. मग त्यांनी आतल्या अंगाला धार असलेली, नखासारखी वाकडी सुरी घडवली आणि मुठीच्या पाठीवर अंगठा बसेल एवढा खळगा केला. हात कितीही ओला असो, अंगठा त्या खळग्यात बसला की सुरी हलायची नाही. शेडमधल्या एका मावशीने ती धरली आणि म्हणाली, "अगं बया, हिला माझा हात ठावा हाय."

ती सुरी मला लेखासारखी वाटायची. एका माणसाने विचार करून लिहिलेली, फक्त त्याचीच.

म्हणून लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका हमालाच्या कमरेला तीच सुरी दिसली, तेव्हा माझं डोकं फिरलं. तोच बाक, तोच खळगा. तो पोत्याच्या तोंडाची सुतळी कापत होता.

"कुठून घेतली?"

"ह्या आपल्या लातूरच्या मुरुडहून. समदे तिथूनच घेतात."

मी त्याच आठवड्यात पत्रक छापलं. मथळा होता: 'कारागिराच्या बुद्धीवर दरोडा!' खाली लिहिलं होतं की मुरुडच्या चोराने नांदेडच्या एका गरीब लोहाराची कल्पना पळवली आहे आणि स्वाभिमानी हमालांनी ही चोरीची सुरी हातात धरू नये. मोंढ्यात आणि मुरुडच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं. घरी परतताना मला वडिलांची सायकल आठवत होती. मी खूश होते.

तीन दिवसांनी मामांना मी ते भट्टीसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"ती सुरी तू हातात घेतलीस का?"

"पाहिली ना, मामा. डिट्टो तीच आहे."

"हातात घेतलीस का?"

"नाही."

"अन् करनाऱ्याला भेटलीस?"

मी पत्रकाची घडी घातली. मामांनी तापलेला पाटा तसाच बाजूला सारला. तापलेलं लोखंड त्यांनी अर्धवट सोडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ," ते म्हणाले.

एसटीत ते खिडकीशी बसले होते, धुतलेला सदरा घालून. खिशात केळीची सुरी, फडक्यात गुंडाळलेली. बाहेर सोयाबीनची शेतं मागे सरकत होती आणि ते त्यांच्याकडे परक्या देशाकडे पाहावं तसं पाहत होते. मग अचानक म्हणाले, "खरं सांगू का, पोरी? मला बी वाटून राहिलं, की ती माझीच नक्कल निघावी. कुनी नक्कल केली म्हनजे आपन कायतरी केलं म्हनायचं."

मुरुडला बाजाराच्या कडेला एक पत्र्याचं छप्पर होतं. खाली भट्टी, ऐरण आणि घण घेतलेली एक बाई. पस्तिशीची असेल. आसपास दुसरं कोणी नव्हतं. माझ्या पत्रकातला चोर मी पुरुष धरून चालले होते. खांबावर ते पत्रक चिकटवलेलं होतं आणि ऐरणीजवळ सात-आठ सुऱ्या पडल्या होत्या. परत आलेल्या.

"ही सुरी तुझी का, बाई?" मामांनी विचारलं.

"माझीच. आता चोरीची म्हनत्यात." तिने मान वर केली नाही. "घ्यायची असंल तर घ्या. नुसतं बघाया लई लोक येऊन गेले. नांदेडच्या कोन्या पोरीनं कागद काढलाय."

"हिनंच काढलाय," मामा माझ्याकडे बोट करून म्हणाले. चहा कोणी आणला हे सांगावं, इतक्या साधेपणाने.

तिने मला खालून वर पाहिलं. "एवढीशीच हाय की! चोर कसा दिसतो ते बघाया आलीस व्हय? बघ. हे तोंड, हे हात. चार दिवस झाले, एक हमाल न्हाई आला. लेकराला शाळेत पोरं चोराचं पोर म्हनत्यात."

मामा तिच्यासमोर खाली बसले. "का वाकवलीस ती सांग मला."

"सरळ पात्यानं सुतळीसंगं पोतं बी फाटतंय. मंग व्यापारी बोंबलतो."

"अन् हा खळगा?"

तिने घण खाली ठेवला. "माझा नवरा हमाल हाय. त्याचा अंगठा पोत्यांच्या थप्पीखाली सापडला, पुढचं पेर गेलं. कशीबी धरली तरी सुरी घसरायची. तवा मूठ तिथं खोल केली. बाकीच्यांनी त्याची बघून मागितली."

मामांनी फडकं सोडलं आणि आपली सुरी तिच्या सुरीशेजारी ऐरणीवर ठेवली. दोघी बहिणी वाटाव्यात अशा. बाईचा चेहरा उतरला.

"म्या तुमची बघितली नव्हती हो, मामा. लेकराची आन."

"आन कशाला? म्या तरी तुझी कुठं बघितली व्हती?" त्यांनी तिची सुरी उचलली, अंगठा खळग्यात ठेवला आणि डोळे मिटले. "तुझा खळगा आखूड हाय. तुटक्या अंगठ्याचा. माझा लांब, चिकानं घसरतं म्हनून." मग धारेवरून नख फिरवत म्हणाले, "पानी तू झकास दिलंस. तापलं पातं कशात बुडवतीस?"

"तेलात. मंग गरम राखंत पुरून ठेवते."

"किती येळ?"

त्यानंतर ती दोघं तिथे राहिली नाहीत. म्हणजे होती तिथेच, पण राख, तेल, लोखंडाचा रंग कधी वाळल्या गवतासारखा पिवळा होतो आणि कधी जांभळा, या गोष्टींत कुठेतरी लांब निघून गेली. ऊन छपराखालून सरकत त्यांच्या पायांवर आलं. मी खांबाजवळ उभी होते, माझ्याच शब्दांना पाठ टेकून.

निघताना मी म्हटलं, "मामा, मी एकदा छापलेलं मागं घेतलं, तर पुढच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवेल?"

"मागच्यावर ज्यांनी ठेवला, त्यांचं काय करतीस?"

बाई तेवढ्यात म्हणाली, "कागद वाटाया पायानं आलतीस ना? तशीच पायानं फीर. नुसतं छापून चिकटवू नगंस. त्यांच्या तोंडावर वाच."

चार दिवसांनी मी लातूरच्या मोंढ्यात भर दुपारी पोत्यांच्या थप्पीवर उभी राहिले आणि दुसरं पत्रक वाचलं. मी न पाहता, न विचारता लिहिलं. मुरुडच्या बाईची सुरी तिने स्वतःच्या नवऱ्याच्या हातासाठी घडवली आहे. चूक माझी आहे. मामा समोर हातगाडीवर बसले होते. हमाल हसले. "मागल्या हप्त्यात चोर, ह्या हप्त्यात कारागीर! फुडच्या हप्त्यात आमदार करनार का?"

एक पांढऱ्या मिशीचा हमाल मात्र हसला नाही. तो जवळ आला. "बाई, म्या माझी सुरी हिरीत टाकली. चोरीची वस्तू घरात ठेवायची न्हाई म्हनून."

माझ्या पत्रकाने सगळ्यात जास्त कोणाला फसवलं होतं, ते तेव्हा कळलं. ज्याने ते मनावर घेतलं होतं त्याला.

त्याला मुरुडच्या बाईने नवी सुरी करून दिली. बाकीचे हळूहळू परतले. दोघे-तिघे कधीच परतले नाहीत. तिच्या मुलाला शाळेत अजून कधीतरी कोणी ते चिडवतं, असं ती मला सांगते आणि मी ऐकते. यावर तिसरं पत्रक नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या मुलाने भट्टीची जागा रिकामी केली आणि तो हैदराबादला निघून गेला.

अर्धापूरच्या शेडमधल्या बायका माझ्याकडे आल्या. "त्यांच्यावर एक कागद लिहा, बाई. ही सुरी त्यांनी काढली, असं लिहा." मी लिहिलं. मामांनी ही सुरी घडवली, आठ दिवस तुमच्यात बसून घडवली, असं लिहिलं. आणि खाली एक ओळ: 'अशीच सुरी मुरुडच्या एका बाईनेही, यांची न पाहता, घडवली आहे.'

मुरुडची बाई फोनवर म्हणाली होती, "मेलेल्या मानसाच्या कागदात मला कशाला घालतीस? राहू दे."

तरी मी तो कागद तसाच शेडच्या भिंतीवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले तर ती ओळ कोणीतरी पेनाने खोडली होती. केळीची सुरी आधी धरून पाहिलेल्या त्या मावशींनी सरळ सांगितलं, "म्याच खोडली. आमच्या मामाचं अर्धं काढून दुसऱ्याला कशाला?"

"अर्धं नाही काढलं, मावशी. मामा तिच्या भट्टीवर दुपारभर बसले होते."

"असतील. पर ते आमचे व्हते."

मी ती ओळ खाली पुन्हा हाताने लिहिली. तिसऱ्या दिवशी तीही खोडलेली. मी पुन्हा लिहिली. मावशी माझ्यासमोर उभ्या राहून पाहत होत्या, कमरेवर हात ठेवून, रागाने.

चौथ्या दिवशी पोहोचायला मला उशीर झाला. गाड्या भरून गेल्या होत्या, शेडमध्ये कोणी नव्हतं. पाण्याच्या हौदात संध्याकाळचं आकाश पडलं होतं आणि त्यावर एक केळफुलाची पाकळी होडीसारखी सावकाश फिरत होती. मी भिंतीजवळ गेले. ओळ तशीच होती. तिच्यापुढे मावशींच्या मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत दोनच शब्द वाढले होते.

'असं म्हणतात.'