कड्यावरचं फळ

शेजारीपाजारी तिला पालाबाई म्हणायचे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या घरी गादीखाली, फळ्यांखाली, जिथे हात घालाल तिथे जुन्या वर्तमानपत्रांत दाबलेली पानं-फुलं निघायची. नवरा लाइनमन. विजेच्या वीस-तीस फूट उंच खांबांवर चढण्यात त्याची हयात गेलेली. "आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा पाल्याला मान," असं तो चारचौघांत सांगे, पण चिमट्यात धरून कागदावर देठ चिकटवायला तोच बसे.

रानात हिंडून आणि हर्बेरियममधले, म्हणजे वनस्पती-संग्रहालयातले, वाळवलेले नमुने तपासून लिहिलेल्या उत्तम शोधनिबंधाचा पुरस्कार त्या वर्षी तिला जाहीर झाला. एका कड्याच्या भेगेत उगवणारं बोटभर झाड नव्या जातीचं आहे, असं तिनं त्यात मांडलं होतं. पेढे वाटून होतात न होतात तोच निवड समितीचा फोन आला. कुणीतरी हरकत घेतली होती. झाड नवं नाही, जुन्याच जातीचं सावलीत खुरटलेलं रूप आहे. फळ दाखवा, नाहीतर पुरस्कार स्थगित.

हरकत घेणारे तिचे स्वतःचे सर होते. ज्यांनी तिला भिंग धरायला शिकवलं, ते.

तिच्याकडे फुलांचेच नमुने होते. फळ तिनं एकदाच, कड्यावरच पाहिलं होतं आणि त्याच्या शिरांवरच्या पंखांचं, म्हणजे पातळ पापुद्र्यांचं, वर्णन लिहिलं होतं. पुरावा म्हणून ते आणायला हवं होतं, हे आता कळून काय उपयोग?

"जाऊ या," नवरा म्हणाला.

"अहो, तुमचा गुडघा?"

"गुडघा माथ्यावर बसून राहील. दोर हात धरतील."

कड्याच्या माथ्यावर त्यानं खडकाला दोर बांधला, तिच्या कमरेला आपला जुना पट्टा आवळला. ती खाली उतरली तेव्हा वारा सुटला होता. पायाखालचा एक दगड निखळला आणि तो खाली आपटल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की तिनं डोळे मिटून घेतले.

"अगं, बोल काहीतरी!" वरून हाक आली.

"आहे! दोनच झाडं उरलीत!"

एकावर फळ नव्हतं. दुसऱ्यावर एकच, पिवळं पडलेलं, टिचायच्या बेतात. ते तोडावं तर या भेगेतली पुढची पिढीच खुंटायची. न तोडावं तर तिची सगळी मेहनत पाण्यात. दोर कचकन ताणला गेला, वर नवऱ्याचा पाय घसरला असावा. तिनं ओठ दाताखाली धरला, फळ नखानं उकललं, धुळीसारख्या बिया भेगेत फुंकल्या आणि रिकामं टरफल डबीत ठेवलं.

तिनं डबी सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी भिंग लावलं.

"बिया कुठायत?"

"तिथंच टाकल्या, सर."

"वेडी आहेस का? अर्धा पुरावा फेकून आलीस!"

"दोनच झाडं आहेत, सर."

सरांनी तिच्या खरचटलेल्या कोपरांकडे पाहिलं आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. टरफल फिरवलं. आणखी एकदा फिरवलं. "पंख आहेत," शेवटी ते नाइलाजानं म्हणाले. "जुन्या जातीला नसतात."

हरकत मागे घेतली गेली. समारंभाला सर आले नाहीत. टाळ्या वाजत असताना तिची नजर दाराकडेच जात राहिली.

दुसऱ्या आठवड्यात ती टरफल नमुन्याच्या कागदावर चिकटवायला हर्बेरियममध्ये गेली. कपाटातून कागद काढला, तर कोपऱ्यात एक नवी चिठ्ठी डकवलेली. दुसरा अभ्यासक नमुना तपासून सहमत झाला, की अशी चिठ्ठी लावतात. तिरक्या, ओळखीच्या अक्षरात झाडाचं नवं नाव होतं, खाली सरांची सही.

ती तिथंच स्टुलावर बसली आणि डोळे पुसून डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडलं.