ताईचा जांभळा पक्षी

मागच्या रविवारी सकाळी येऊरच्या एका ओढ्याकाठी मी चक्क बसकण मारली होती... तेरड्याचे फोटो काढायला. घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीतली मैत्रीण मेधा बरोबर होती. निवृत्तीनंतर मुलाने कॅमेरा घेऊन दिला, तेव्हापासून आम्हा दोघींना हे रविवारचं खूळ लागलंय.

फुलावर एक मुंगी चढत होती आणि माझा फोकस काही केल्या लागत नव्हता. "अगं, तिला म्हण ना, स्माइल प्लीज!" मेधा मागून चिडवत होती.

तेवढ्यात समोरच्या वाळक्या फांदीवर काहीतरी येऊन बसलं. चिमणीहूनही लहान. पाठ जांभळी-निळी, पोट हळदीसारखं पिवळं, आणि त्या इवल्याशा अंगाला न शोभणारी लांब, लाल चोच...

"तिबोटी खंड्या!" मेधा कानाशी पुटपुटली. "काढ, काढ लवकर!" कितीतरी पावसाळे ती या पक्ष्याच्या मागे आहे, तिला तो एकदाही दिसला नव्हता. मी बटण दाबलं खरं, पण कॅमेरा हलला. एकच फोटो मिळाला आणि पक्षी भुर्रकन उडाला.

मेधाला वाटलं, आनंदाच्या भरात हलला. मी तो पक्षी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते, पण त्याचं चित्र मात्र फार पूर्वी पाहिलं होतं.

आम्ही तेव्हा कल्याणजवळ मोहन्याला राहायचो. बाबा तिथल्या कारखान्यात होते आणि आम्ही दोघी बहिणी बसने कल्याणच्या कॉन्व्हेंटमध्ये जायचो. ताई पाचवीत, मी दुसरीत. नेचर स्टडीच्या वहीत दर आठवड्याला स्वतः पाहिलेली एक गोष्ट काढायची असे... पान, किडा, पक्षी, काहीही.

एका आठवड्यात ताईने पक्षी काढला. जांभळी पाठ, पिवळं पोट, लाल चोच. घरातले रंगीत खडू पार झिजवून टाकले होते तिने.

सिस्टर म्हणाल्या, असा पक्षी नसतो, तू मनाने काढलास. ताई म्हणाली, नाही सिस्टर, नदीकडे जाणाऱ्या ओढ्यावर पाहिला, माझी धाकटी बहीणसुद्धा होती बरोबर.

मग मला माझ्या वर्गातून बोलावून आणलं. सगळ्या मोठ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. सिस्टरनी वही समोर धरली. "डिड यू सी धिस बर्ड?"

मी म्हटलं, "नो, सिस्टर."

खोटं नव्हतं ते. "बेबी, बघ, बघ!" असं ताई म्हणाली, तेव्हा मी खाली वाकून चपलेत रुतलेला काटा काढत होते. वर पाहिलं तोवर फांदी नुसती हलत होती... पण एवढं सगळं इंग्रजीत मला सांगता येईना. आणि फांदी हलत होती हे मी पुढे मराठीतही कुणाला सांगितलं नाही.

ताईला ते पान फाडायला लावलं. दुसऱ्या पानावर तिने कावळा काढला, नुसत्या पेन्सिलीने. घरी आल्यावर आईला काही सांगितलं नाही, आणि माझ्याजवळही त्या पक्ष्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता आला असता. पण येऊरहून मी थेट डोंबिवलीला ताईकडे गेले. गुडघ्यांमुळे हल्ली ती फारशी बाहेर पडत नाही. दारातच ओरडली, "अगं, कुठे लोळून आलीस? ते बूट बाहेर काढ आधी!"

वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं मी विसरले. कॅमेरा नुसता तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला आणि कॅमेरा खिडकीच्या उजेडात धरला.

"ताई, मी त्या दिवशी काटा काढत होते गं... फांदी हललेली पाहिली होती मी. सांगितलं नाही."

"माहितीये मला. केवढीशी होतीस तू. तुझ्यावर कसला राग धरायचा?" मग जरा थांबून म्हणाली, "पण बेबी, पुढे पुढे मलाच खात्री राहिली नाही. वाटायला लागलं, सिस्टर म्हणतात तेच खरं असेल. मनानेच रचला असेल मी."

मला इतकी वर्षं वाटत होतं, माझ्यामुळे तिचं एक चित्र गेलं. तिचा पक्षीच गेला होता, हे त्या रविवारी कळलं.

ताईने मात्र स्क्रीन डोळ्यांजवळ नेला. "चोच फिकी आलीये गं तुझी. पळसाच्या फुलासारखी होती, अशी. आणि पायसुद्धा तसेच लाल. इथे पानाआड गेलेत, म्हणून दिसत नाहीत."

पाय मीही पाहिले नव्हते. तिथूनच मेधाला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिने पक्ष्यांचं पुस्तक काढलं, पानं उलटल्याचा आवाज आला... "हो गं, पाय लालच असतात. का?"

"मग! सांगतेय काय मी!" ताई शेजारून एवढ्या जोरात म्हणाली की मेधाने विचारलं, कोण आहे गं तिथे?

तो फोटो आज इथे टाकतेय. जरा हललाय, सांभाळून घ्या. फोटो माझा आहे, पण हा पक्षी माझ्या ताईने पाहिला होता, मोहन्याच्या ओढ्यावर, मी तिच्या शेजारीच होते... एवढं एकदा सगळ्यांसमोर सांगायचं होतं.