आमोस नावाचा अर्थ

मी इस्राएलला निघालो तेव्हा मुंबईच्या गाडीत बसवून द्यायला माझे वडील, आबा, देवळाली प्रवराच्या स्टँडवर आले होते. गाडी हलली तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "तिथं नाव सांगताना लाजू नको."

लाजायला कारण होतं. माझं नाव आमोस, बायबलातल्या एका मेंढपाळ संदेष्ट्याचं. शाळेत पोरं मला 'आमुशा' म्हणत, म्हणजे अमावस्या. अर्थ विचारला की आबा म्हणत, "चर्चच्या पाळकसायबांनी ठिवलंय, चांगलंच आसंल." ते साखर कारखान्याच्या गोदामात हमाल होते. माझ्या पाठीवर पोतं येऊ नये म्हणून त्यांनी मला नर्सिंगचा कोर्स करायला लावला.

इस्राएलमध्ये पहिलं काम मिळालं अश्दोद शहरात, रिबकाआजींची काळजी घ्यायचं. आजी मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. पाय गेलेले, मराठी मात्र शाबूत. माझं नाव ऐकून हसल्या. "अरे, हे तर इथलंच नाव! हिब्रूत अमास म्हणजे ओझं उचलणं. आमोस म्हणजे भार वाहणारा."

मी खुशीत घरी व्हिडिओ कॉल केला. ऐकून आबांचा चेहरा उतरला.

"म्हंजी आमी तुझं नाव हमालच ठिवू दिलं व्हय रं?"

पुढचे चार दिवस ते फोनवर आलेच नाहीत.

आजी म्हणाल्या, "काही जण 'देवानं उचलून घेतलेला' असाही अर्थ लावतात. तो सांग वडिलांना." अर्थ गोड होता, पण मला पहिलाच हवा होता. पाचव्या दिवशी मी आईला आबांसमोर फोन धरायला लावला, माझा मोबाईल टेबलावर उभा केला आणि आजींना पलंगावरून व्हीलचेअरवर घेतलं. गुडघ्यात वाकून, पाठ ताठ, भार छातीशी.

"आबा, गोदामात डबा घेऊन यायचो तेव्हा तुम्हाला बघून शिकलोय हे."

आबा फोनजवळ सरकले. मग म्हणाले, "गुडघं आजून वाकव."

आजी मोबाईलकडे वळून म्हणाल्या, "हा मला कधी पडू देत नाही हो."

"न्हाईच देनार," आबा म्हणाले. "हमालाचं पोरगं हाय ते."

आता इथं कुणी नाव विचारलं तर मी अर्थासकट सांगतो. घर आठवतं का, असं तुम्ही गावाकडची मंडळी फोनवर विचारता. आठवतं, आणि आधी ते गोदामच डोळ्यांपुढं येतं. तेव्हा मित्रांनी बघू नये म्हणून डबा ठेवून मी लगेच सटकायचो. आता आठवणीत आबांचं जेवण होईपर्यंत तिथंच बसतो.