कुठून उचललास?

समोरच्या घरातल्या मुलीला मी भित्री भागूबाई म्हणतो. तोंडावर म्हणतो. पाठीमागे बोलायची मला सवय नाही. त्या कामाला तिची आई आमच्याकडे येते. भागूबाई डिझाइन शिकते. म्हणजे नक्की काय, हे तिच्या वडिलांना अजून सांगता येत नाही. कुणी विचारलं की "चित्रकलेसारखंच असतं काहीतरी" म्हणून ते विषय बदलतात.

शेवटच्या वर्षाला तिने पाण्याचा जग करायला घेतला आणि संग्रहालयाच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे काचेमागे मातीचा एक जुना, पोट सुटलेला जग आहे. एकदा मीही सोबत गेलो. ही त्याच्यासमोर मांडी घालून चित्रं काढत बसली. पहारेकरी मला बाजूला घेऊन म्हणाला, "इथे उभे राहू नका, ताईंचा उजेड अडतो."

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती भट्टीतून निघालेला जग दाखवायला आली. पोट थेट त्या काचेमागच्या म्हाताऱ्याचं, आणि कानावर अंगठा टेकायला छोटीशी खळगी. मी कान धरून जग उचलला. अंगठा आपोआप खळगीत जाऊन बसला.

"झकास! कुठून उचललास गं?"

आता हे मी सगळ्यांनाच विचारतो. आमच्या हिने नवी पर्स आणली तरी विचारतो. पण भागूबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, तुम्हाला कुणी सांगितलं?"

मला कुणीच काही सांगितलं नव्हतं, आणि माझ्या बाबतीत असं क्वचितच घडतं.

मग ती भडाभडा बोलली. पोट संग्रहालयातलं, ते शिक्षकांना ठाऊक होतं. खळगी मात्र वर्गात शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या लंबूची. तो आपल्या किटलीच्या कानावर ती घडवत बसायचा, हिची नजर जायची, आणि एक दिवस हिच्या बोटांनी ओल्या मातीत तीच उमटवली.

"तेव्हा कळलंच नाही हो. भाजून हातात आला, अंगठा टेकला, तेव्हा लक्षात आलं."

"मग सांगून टाक त्याला."

"आणि तो नको म्हणाला तर? नवीन करायला वेळ कुठाय?"

जग खोक्यात घालून मीच उचलला आणि आम्ही कॉलेजात गेलो. लंबू किटली पुसत होता. भागूबाईने जमिनीकडे बघत एका दमात सगळं सांगितलं. त्याने जग घेतला, खळगीतून अंगठा फिरवला.

"विचारायचंस ना," तो म्हणाला. "दोन महिने डोकं घातलंय मी यात."

"चुकलं माझं."

"उद्या तिथे सगळ्यांसमोर सांगशील? का त-त-प-प करशील?"

"सांगेन."

मी काहीतरी गमतीचं बोलणार होतो. त्याचा चेहरा पाहिला आणि गिळलं.

दुसऱ्या दिवशी पालकांना दारापर्यंत मुभा होती. मी पालक नाही, पण कुणी विचारलं नाही. आत परीक्षक बाईंसमोर भागूबाई उभी होती. शेजारीच लंबू, किटलीकडे नजर लावून.

"आकार संग्रहालयातल्या जगावरून घेतला. अंगठ्याची जागा याची आहे. मी न विचारता घेतली." आवाज चिरकला, पण अडखळली नाही.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "पोट संग्रहालयातलं, कान मित्राचा. मग यात तुझं काय?"

दारात माझ्या शेजारी उभ्या भागूबाईच्या आईने माझा दंड असा आवळला की मीच ओरडणार होतो. मग पोरीने जगात पाणी भरलं आणि ग्लास पुढे ओढला.

"ओतून झालं की चोचीवरून ओघळ येतो. आई दर वेळी खाली फडकं धरते. तो येऊ नये म्हणून मी चोचीची कड बदलत राहिले. किती जग मोडले ते मोजले नाहीत. पण दर वेळी जमतंच असं नाही."

"आता हे कशाला सांगायचं!" आई पुटपुटली.

भागूबाईने ओतलं. जग सरळ केला. चोचीच्या कडेवर एक थेंब फुगला. बाई वाकल्या. लंबू किटली सोडून जवळ आला. थेंब लोंबकळला, थरथरला आणि आत सरकला.

"परत," बाई म्हणाल्या.

ग्लास तर भरलेला. भागूबाई इकडेतिकडे बघायला लागली, तेवढ्यात लंबूने आपला रिकामा ग्लास तिच्यापुढे सरकवला.