शेजाऱ्यांचा पंप

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझ्या शेजारच्या शेडमधले गृहस्थ शरीरात बसवून औषध सोडणाऱ्या पंपाचं डिझाइन करायचे. कापसाचे वाईट दिवस होते, आजूबाजूच्या जिनिंगच्या गिरण्या बंद पडत होत्या. हे मात्र डबीएवढा पंप पाण्यात धरून, श्वास रोखून गळतीचा बुडबुडा शोधत बसायचे.

एकदा नागपूरच्या कंपनीचे साहेब नमुना न्यायला आले. पाण्यात एकच बुडबुडा दिसला.

"एवढं चालतं," साहेब म्हणाले.

"हा मानसाच्या पोटात बसनार हाये, साहेब. तिथं दुरुस्तीले कोन जाईन?" म्हणत त्यांनी पंप उघडून ठेवला. साहेब चिडून गेले.

आठ महिन्यांनी परत आले, डॉक्टरांना घेऊन. तीन दिवस पाण्यात ठेवलेल्या पंपातून एकही बुडबुडा आला नव्हता.

"डिझाइन कोणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

ते लाजले. मीच बोलून गेलो, "आमच्या शेजाऱ्यायचं!"