घरटी माणसं किती

एप्रिल लागला की आमच्या इमारतीची बोअर आटते आणि टँकरवरून भांडणं सुरू होतात. टँकरचे पैसे घराला सारखे घ्यायचे की माणशी, यावरून यंदा जिन्यातच हमरीतुमरी झाली. शेवटी सेक्रेटरी माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही गणिताच्या. घरटी माणसं किती, त्याची सरासरी काढून द्या. सरासरीच्या वर असतील त्यांनी थोडं जास्त द्यायचं, खाली असतील त्यांनी कमी. विषय संपला."

नुसत्या बेरजेवरही भागलं असतं, पण सेक्रेटरींना 'सरासरी' हा शब्द आवडतो. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे कुणीतरी काही मागायला आलं, याचाच मला आनंद झाला होता. हे गेल्यापासून माझी बेल वाजते ती दुधासाठी नाहीतर कुरिअरसाठी, आणि कुरिअर बहुतेक वेळा शेजारच्यांचं असतं. मी लगेच हो म्हणाले. इस्त्रीची साडी नेसून, हातात पॅड घेऊन, शाळेत निघाल्यासारखी घराबाहेर पडले.

नियम मीच ठरवला होता: रात्री जो या घरात झोपतो, तोच मोजायचा. नियम सोपा होता, पण लोकांना पाळवेना. पहिल्या मजल्यावरच्यांनी पुण्यात नोकरीला असलेली मुलगी धरली. त्यांच्या वरच्यांनी हॉस्टेलवरचा नातू धरला. आमच्या समोरच्या काकू मूळच्या चांदवडकडच्या. त्या दारातच म्हणाल्या, "चार लिवा."

"काकू, मुलगा-सून कॅनडात आहेत ना?"

"मंग? खोली त्यांचीच हाय. दिवाळीला येनार हायेत."

"येतील तेव्हा मोजू. उगाच तुम्हाला चौघांचे पैसे पडतील."

"पडू द्या. पैसे वाचवायला पोराला घरातनं कमी करू का?"

मी काहीएक न ऐकता 'दोन' लिहिलं. माहिती गोळा करताना माया करायची नसते, हे मी नववीच्या वर्गांना जन्मभर शिकवत आले. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पोराचं नाव रेशनकार्डावरून खोडलं होतं. मला तेव्हा त्यांची जरा कीवच आली.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर वारंवारतेचा तक्ता मांडला. डावीकडे माणसं: दोन, तीन, चार, पाच. त्यांच्यापुढे घरागणिक एकेक ताळ्याची खूण. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी मारायची, यात मला अजून मजा येते. 'दोन'च्या ओळीत सगळ्यात जास्त खुणा झाल्या. पोरं बाहेर गेलेली इमारत, दुसरं काय होणार? माणसांना घरांनी गुणलं, बेरीज केली, भागाकार केला. सरासरी बरोब्बर तीन! एकही दशांश नाही. मी स्वतःवरच खूश झाले.

मग पडताळा घेतला. वारंवारतांची बेरीज आधी जुळवा, मग पुढे सरका, असं मी वर्गात ओरडून सांगायची, आणि आज स्वतःच ते शेवटी केलं. बेरीज पंधरा. घरं तर सोळा. म्हटलं, रेघा मोजायला चुकले असेन. पुन्हा मोजल्या, पंधराच. कोणतं घर राहिलं म्हणून जिन्यावरून मनातल्या मनात एकेक दार आठवत वर चढले आणि माझ्याच दारापाशी येऊन थांबले. स्वतःची बेल कोण वाजवतं?

नुसतं घर विसरले असते तर खूण करून मोकळी झाले असते. पण माझ्या तक्त्यात 'एक' ही ओळच नव्हती. मी सुरुवातच दोनपासून केली होती. एवढी लोकांची कानउघाडणी करत फिरले, आणि मलाच ती ओळ सुचली नव्हती. मला रडू आलं. भरपूर रडले, ऐकायला कुणी नव्हतंच.

तोंड धुऊन वर 'एक' लिहिलं. पुढे एकच रेघ. आणि त्या रेघेने मला गाठलं. तक्त्यात कुणाचं नाव नसतं म्हणतात, पण ज्या ओळीत एकच घर असतं, त्याला नावाची गरजच काय? सेक्रेटरी हे वाचून दाखवणार, आणि सगळी इमारत मान वळवून माझ्याकडे बघणार. ते 'अरेरे' मला नको होतं.

मला गणित येतं, म्हणून पळवाटही येते. मी वर्ग पाडले: एक ते दोन, तीन ते चार, पाच ते सहा. आता मी काकूंच्या आणि बाकीच्या जोडप्यांच्या घोळक्यात सात घरांमध्ये मिसळून गेले. वर्गमध्य, म्हणजे प्रत्येक वर्गाचा मधला आकडा: दीड, साडेतीन, साडेपाच. सरासरी आली पावणेतीन. जराशी घसरली, पण टँकरसाठी चालण्यासारखी होती.

रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून मीटिंग झाली. सेक्रेटरींनी तक्ता फिरवला. तो हातात आल्यावर तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण म्हणाला, "मॅडम, हा दीड माणूस कुणाकडे राहतो?"

सगळे हसले. काकूही हसल्या. हा विनोद दरवर्षी वर्गात कुणी ना कुणी करायचं, आणि माझं उत्तर पाठ होतं: दीड माणूस नसतो, तो वर्गाचा प्रतिनिधी असतो. तेच म्हणायला मी तोंड उघडलं. पण मी म्हणाले, "माझ्याकडे."

हसू थांबलं. मी चेष्टेत बोलले नव्हते. घरात चिटपाखरू नसताना मी अजून न्हाणीघराचं दार आतून लावून घेते. ते कुणासाठी लावते, हे पार्किंगमध्ये कसं सांगणार? त्या तरुणाचं तोंड उतरलं. त्याची काहीच चूक नव्हती.

सेक्रेटरी पेन घेऊन माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मग तुमच्याकडे किती लिहू?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. पोराला घरातून कमी करायला त्या का तयार नव्हत्या, ते आता मला कळलं.

"एक," मी म्हणाले. हे गेल्यापासून तो आकडा मी पहिल्यांदाच तोंडाने म्हटला. आवाज नीट फुटला नसावा, कारण सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं आणि मला तो पुन्हा म्हणावा लागला.