काशीतली पद्धत

माई गेल्या त्या सकाळी वसूची वेणी अर्धीच घालून झाली होती. तिचा तिसरा पेपर होता. आजी नातीची वेणी घालत होती आणि मी वरच्या खोलीत बँकेत जायची तयारी करत होते, तेवढ्यात खालून वसूची हाक आली... "मावशी!" मी धावत जिना उतरले, तर माई भिंतीला टेकलेल्या आणि वसूच्या केसांतला त्यांचा हात तसाच. डॉक्टर आले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोनाड्यात दह्याचा कुल्हड, मातीचं बोळकं, झाकून ठेवलेला होता. पेपरला निघताना नातीच्या हातावर घालायचं दही माई आदल्या दिवशी स्वतः विरजायच्या. पुरुषमंडळी माईंना घेऊन मणिकर्णिकेच्या वाटेला लागली तेव्हा वसूचा पेपर सुरू झाला असेल, आणि वसू आपल्या तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन त्या कुल्हडाकडे बघत बसली होती.

बदली होऊन मी बनारसला आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत या मराठी उपाध्यांच्या घरी मला खोली मिळाली. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा, श्राद्धं, राहणं-जेवणं हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या याच घरानं केलेलं. माईंचे चिरंजीव, वसूचे वडील अण्णा ते काम बघत; वसूची आई ती लहान असतानाच गेलेली. माणूस विद्वान, पण बोलणं मोजकं. शास्त्राला सोडून एक अक्षर नाही. ती कसर माई भरून काढत. घाटाच्या एका ठराविक पायरीवर त्या आंघोळीनंतर लुगडं पिळत उभ्या राहायच्या आणि रामधनी नाववाला खालून रोज ओरडायचा, "का माई, नातिन क का हाल हौ?" नातीची चौकशी झाली की झालं! मग फूलवाली, घाटावर पूजा सांगणारे घाटिये, ओळखदेख नसलेले यात्रेकरू, सगळ्यांना बातमीपत्र ऐकावं लागे. नातू श्रीधर पुण्याला इंजिनीअरिंगला, त्याला वसतिगृहातलं जेवण कसं मानवत नाही. नात वसू बी.ए.ला गणित घेऊन बसलेली, तिचा नतीजा निघाला आणि ती कॉलेजात अव्वल आली. नातवाचं कौतुक एका वाक्यात आटपायचं आणि नातीचं लुगडं वाळेपर्यंत चालायचं. परीक्षेच्या दिवसांत तर त्या चालत संकठादेवीला जात आणि देवीला विषय सांगून येत. मी एकदा हसले, तेव्हा म्हणाल्या, "हसू नकोस गं बँकवाली. आज बीजगणित आहे की भूमिती, हे तिला कसं कळणार?"

या कौतुकानंच घात केला. एका कार्तिकात नगरकडचे जुने यजमान सहकुटुंब यात्रेला आले. माईंनी त्यांना आग्रहानं वाढता वाढता वसूचं सगळं शिक्षण ऐकवलं. मुलगी तोंडी हिशेब कसे करते, तिला पुढे एम.ए. करायचंय, प्राध्यापक व्हायचंय... माईंना वाटत होतं, आपण बातमी देतोय. भाऊसाहेब यजमानांना ते स्थळ वाटलं. हात धुता धुता त्यांनी अण्णांपाशी आपल्या मुलासाठी वसूला मागणी घातली. ज्यांच्या घराण्याची श्राद्धं आपल्या खापरपणजोबांनी केली, त्यांना नाही कसं म्हणायचं, हा अण्णांचा पेच. "पुढे शिकू द्याल ना?" असं माईंनी विचारलं, तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "अहो, शिकलेली आहे म्हणूनच तर मागतोय." वैशाखात लग्न झालं. शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. आषाढात कॉलेजं उघडली तेव्हा नगरहून निरोप आला, की आता संसारात पडलीय, परीक्षेची काय गरज? मला अण्णांचा भयंकर राग आला होता. तो अजूनही पुरता गेलेला नाही.

त्यानंतर माई घाटावर गप्प झाल्या. रामधनी विचारायचा, त्या "ठीक है" म्हणून पायऱ्या चढू लागायच्या. एकदा मला म्हणाल्या, "माझ्या तोंडाला कुलूप असतं, तर पोर शिकली असती गं." मी पुष्कळ समजावलं, पण त्यांच्या मनातून ते गेलं नाही. कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसता येतं, हे मी त्यांना सहज बोलता बोलता सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली आणि सगळं पुन्हा नीट सांगायला लावलं. वसूला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याला नगरकरांची ना नव्हती. ती सातव्या महिन्यात आली. मी तिचा परीक्षेचा फॉर्म भरला आणि माघात मुलगी झाल्यावर एका हातानं पाळण्याची दोरी ओढत वसूनं अभ्यास सुरू केला. सव्वा महिना होतो न होतो तोच भाऊसाहेबांचा फोन आला, न्यायला कधी येऊ? परीक्षा तर चैत्रात होती. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फोनच्या दुकानात माई स्वतः गेल्या. आयुष्यात कधी फोनला हात न लावलेली बाई त्यात ओरडून बोलली, "चैत्रगौर बसली की पहिलटकरणीनं अक्षय्य तृतीयेपर्यंत गंगा सोडायची नसते. हो, काशीतली पद्धत आहे!" 

पानात मीठ जरा इकडेतिकडे पडलं तरी पद्धत मोडली म्हणून चिडणारी ही बाई. परतून ओसरी चढताना मी विचारलं, "माई, ही पद्धत कधीची?" त्या म्हणाल्या, "आत्ताची." अण्णा ओसरीवर पोथी वाचत होते. त्यांनी मान वर करून आईकडे नुसतं पाहिलं आणि पान उलटलं.

पहिले दोन पेपर छान गेले. माई पुन्हा संकठादेवीला जाऊ लागल्या होत्या, घाटावर रामधनीला "दो परचे हो गए" म्हणून सांगू लागल्या होत्या. आणि मग ती अर्धी वेणी... पुरुषमंडळी माईंना पोचवून आल्यावर वसू मला म्हणाली, "आता सूतक आहे, मी बसत नाही." ते अण्णांनी ऐकलं. ओल्या पंच्यानं ते दारात उभे होते. म्हणाले, "तुझं गोत्र बदललंय. तुला आमच्यासारखं दहा दिवसांचं सूतक नाही. फक्त या घरचं अन्न नको." मग माझ्याकडे वळून, "बाई, हिला नि बाळाला तुमच्या खोलीत न्या." ज्या लग्नानं तिची परीक्षा बुडवली, त्याच लग्नानं तिला परीक्षेला सोडलं. मला हसावं की रडावं कळेना, मी रडले. उरलेल्या पेपरांना वसू माझ्या खोलीतून गेली. पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा अण्णा जिन्याखाली, शिवाशिव नको म्हणून लांब उभे होते. म्हणाले, "बाई, हिच्या हातावर दही घाला... तुमच्या घरचं." मी घातलं. माईंच्या हातचं नव्हतं ते. वसूनं हात चाटून पुसला आणि मागे न बघता गेली.

अक्षय्य तृतीया झाली आणि भाऊसाहेब न्यायला आले. चुकलेला पेपर आता पुढच्या वर्षीच देता येणार होता, आणि पुढच्या वर्षी ना बाळंतपण, ना गौरीची सबब. वसू सामान बांधत होती. पुस्तकं तिनं बांधली नाहीत, माझ्याकडे आणून ठेवली. तेवढ्यात ओसरीवरून अण्णांचा आवाज आला. "भाऊसाहेब, चैत्रात माईचं वर्षश्राद्ध. नातीला महिनाभर आधी येऊन राहावं लागतं." भाऊसाहेब बुचकळ्यात पडले. "लग्न झालेल्या नातीला? असं कधी ऐकलं नाही हो." अण्णांनी उगाळत असलेलं चंदन थांबवलं. शास्त्राबाहेर एक अक्षर न बोलणारा तो माणूस काय बोलणार, म्हणून मी जिन्यातून खाली वाकले. "काशीतली पद्धत आहे," ते म्हणाले आणि पुन्हा चंदन उगाळू लागले. उपाध्यांनीच सांगितलं म्हटल्यावर भाऊसाहेबांना ते पटलं. त्यांनी मान डोलावली. वसू दारात आली आणि वडिलांच्या पाया पडली.

पुढच्या चैत्रात भाऊसाहेब शब्द पाळतील की नाही, मला ठाऊक नाही. वर्ष मोठं असतं आणि माणसं बदलतात. पण परवा सकाळी मी घाटावर होते. अण्णा आंघोळ करून वर येत होते आणि रामधनी कोणाला उद्देशून नाही, सवयीनंच ओरडला, "नातिन क का हाल हौ?" अण्णा अशा बोलण्याला कधी उत्तर देत नाहीत. ते माईंच्या पायरीवर थांबले. पंचा पिळला. मग वळून, साऱ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ठीक है. एक परचा बाकी है. अगले चैत में आएगी, देने."